घड्याळ लावलेले गेम: डेली, वीकली आणि बॅटल पासचा हिशेब

नवा गेम टाकला, शिकवणीचा पहिला अर्धा तास संपला आणि मुख्य पडदा उघडला की धस्स होतं. कोपऱ्याकोपऱ्यात लाल ठिपके. एका चौकटीखाली ‘१४ तास उरले’, दुसरीखाली ‘६ दिवस’, तिसरीवर ‘सीझन संपायला ४१ दिवस’. अजून बंदूक नीट धरता येत नाही आणि कुणीतरी आधीच उशीर झाल्याचं बजावतंय.

उशीर वगैरे काही झालेला नाही. मी हे गेम बरीच वर्षं खेळतोय आणि पहिली दोन वर्षं त्या आकड्यांच्या मागे नुसता धावलो. नंतर एकदा कागद घेऊन बसलो, तेव्हा कळलं की यातली बहुतेक घाई साध्या गुणाकार-भागाकारात विरून जाते. थोडी उरते, ती मात्र खरी असते. ती कुठली हे ओळखायला शिकवणं एवढंच या लेखाचं काम.

पहिली पायरी: कोणतं घड्याळ कशाचं

लाइव्ह सर्व्हिस गेम एकदा विकून संपत नाही. तो सर्व्हरवर वर्षानुवर्षं चालू राहतो आणि दर काही आठवड्यांनी त्यात नवं काहीतरी येतं. अशा गेममध्ये साधारण चार घड्याळं एकाच वेळी टिकटिकत असतात. रोजचं, म्हणजे डेली. आठवड्याचं, म्हणजे वीकली. तिसरं सीझनचं किंवा इव्हेंटचं, जे काही आठवडे चालून बंद होतं. आणि चौथं, नवख्यांच्या सगळ्यात उशिरा लक्षात येणारं, भरत राहणारं घड्याळ. स्टॅमिना म्हणा, एनर्जी म्हणा, बक्षिसं मिळवायला खर्च करावं लागणारं हे बळ आपोआप हळूहळू भरतं, काठोकाठ भरलं की थांबतं, आणि थांबल्यानंतरचा वेळ फुकट जातो.

पहिल्या तिन्हींसाठी एकच माहिती आधी शोधा: रिसेट, म्हणजे जुनी यादी पुसून नवी येणं, किती वाजता होतो. मध्यरात्री होत असेल असं धरून चालू नका. गेनशिन इम्पॅक्टमध्ये दिवस बदलतो तो सर्व्हरच्या वेळेनुसार पहाटे ४ वाजता. आशिया सर्व्हरची वेळ यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेच्या, ८ तास पुढे, युरोपची १ तास पुढे आणि अमेरिकेची ५ तास मागे. डेस्टिनी २ चा आठवडा मंगळवारी १७:०० यूटीसीला उलटतो. फायनल फँटसी १४ मध्ये रोजची बरीचशी कामं १५:०० यूटीसीला नवी होतात, पण आठवड्याचा रिसेट मंगळवारी ८:०० यूटीसीला. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये उत्तर अमेरिकेचा आठवडा मंगळवारी बदलतो आणि युरोपचा बुधवारी.

ही वेळ तुमच्या घड्याळात बदलून कुठेतरी लिहून ठेवा. तुमच्याकडे उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करत असतील, तर यूटीसीला बांधलेला रिसेट तुमच्यासाठी वर्षातून दोनदा एका तासाने सरकेल, हेही त्याच चिठ्ठीवर टिपा. आणि सर्व्हर निवडायला सांगणारा गेम असेल तर तिथे घाईने बोट टेकवू नका. गेनशिनमध्ये एका सर्व्हरवरची प्रगती दुसऱ्यावर जात नाही, म्हणजे त्या एका टिचकीने पुढच्या सगळ्या दिवसांची ‘पहाट’ ठरते.

रिसेट कळण्याचा मोठा फायदा निराळाच आहे. तो तुमच्या संध्याकाळी किंवा रात्री पडत असेल, तर त्याच्या अर्धा तास आधी बसायचं. आजची कामं रिसेटच्या आधी, उद्याची रिसेटनंतर, एकाच बैठकीत. मग दुसऱ्या दिवशी गेम उघडायची गरज नाही. दोन दिवसांची हजेरी एका बैठकीत लावता येते हे मला कुणी पहिल्याच महिन्यात सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

दुसरी पायरी: भरणाऱ्या घड्याळाचा भागाकार

इथे थोडं थांबू, कारण हा प्रकार समजला की गेम बनवणाऱ्याच्या डोक्यात काय चाललंय तेही समजतं.

गेनशिनमधला स्टॅमिना म्हणजे रेझिन. ते दर ८ मिनिटांना १ भरतं. २०२० च्या सप्टेंबरमध्ये गेम आला तेव्हा कमाल मर्यादा १२० होती. १२० गुणिले ८, म्हणजे ९६० मिनिटं, म्हणजे बरोबर १६ तास. सकाळी ७ ला रिकामं केलं तर रात्री ११ ला भरलेलं. रात्री झोपलात तर पुढचे आठ तास वाया. म्हणजे काही वाया जाऊ द्यायचं नसेल तर दिवसातून दोनदा यावंच लागायचं. त्याच वर्षी मर्यादा १६० झाली: २१ तास २० मिनिटं. हेही चोवीसच्या आतच, म्हणजे रोज ठरावीक वेळी आलात तरी थोडं सांडणारच. २०२४ मध्ये ती २०० केली: २६ तास ४० मिनिटं. आता रोज एकदा, तीही दोनअडीच तास इकडेतिकडे झालेल्या वेळी आलात तरी थेंबभरही सांडत नाही.

एकच आकडा बदलला आणि खेळाडूचा दिवस बदलला. म्हणून कुठल्याही नव्या गेममध्ये स्टॅमिना दिसला की हा गुणाकार करा: कमाल मर्यादा गुणिले एक भरायला लागणारा वेळ. उत्तर २४ तासांच्या वर असेल तर दिवसातून एक फेरी पुरे. १२ च्या आत असेल तर हा गेम तुम्हाला कामाच्या मधल्या सुट्टीतही बोलावणार आहे. तेव्हा सांडू द्यायची तयारी ठेवा किंवा दुसरा गेम बघा. मी सांडू देतो. सुरुवातीला जीव तुटतो, आठवड्याभरात सवय होते.

स्टॅमिना विकत घेऊन भरायची सोय बहुतेक ठिकाणी असते. नवख्याने ती वापरूच नये. सुरुवातीच्या पातळीवर त्या स्टॅमिनातून मिळणारं सामान कनिष्ठ दर्जाचं असतं. तेच पुढच्या पातळीवर त्याच किमतीत जास्त आणि चांगलं मिळतं.

तिसरी पायरी: बॅटल पास शेवटी घ्या

बॅटल पास म्हणजे टप्प्यांची शिडी. कामं करा, एक्सपी (म्हणजे अनुभवाचे गुण) मिळवा, टप्पा चढा, टप्प्यावरचं बक्षीस घ्या. शिडीच्या दोन बाजू असतात, एक फुकट आणि एक पैसे भरून उघडणारी. या कल्पनेचं सुरुवातीचं ठळक रूप २०१३ मध्ये डोटा २ च्या ‘द इंटरनॅशनल’ स्पर्धेसाठी आलेल्या कंपेंडियममध्ये दिसलं. त्याच्या विक्रीतला चौथा हिस्सा स्पर्धेच्या बक्षिसात जायचा. घराघरात ती पोचली फोर्टनाइटमुळे, २०१७ च्या डिसेंबरपासून.

आता मुद्द्याचं. बहुतेक पासांमध्ये बक्षिसं मागे जाऊन मिळतात. तुम्ही फुकटच्या बाजूने ५० टप्पे चढलात आणि मग पैसे भरले, तर पैशाच्या बाजूचे ते ५० टप्पे त्याच क्षणी उघडतात. मग पहिल्या दिवशी पैसे भरून काय मिळतं? वर्षभराची वर्गणी भरून जिमला न जाणाऱ्या माणसाला जे मिळतं ते: अपराधी भावना. पैसे आधी गेलेले असतात, म्हणून रोज खेळावं लागतं. शेवटच्या आठवड्यात घेतलात तर उलटं होतं. किती टप्पे चढलात ते समोर दिसत असतं, त्यातलं काय हवंय ते दिसत असतं, आणि नको असेल तर पाकीट खिशातच राहतं.

अपवाद दोन. काही पास घेतल्या घेतल्या जास्त एक्सपी द्यायला लागतात. आणि काही पासांत पहिल्याच टप्प्यावर खेळायला उपयोगी पडणारी एखादी व्यक्तिरेखा किंवा शस्त्र असतं. तेव्हा आधी घेण्यात अर्थ असू शकतो. पण त्याआधी ‘बक्षिसं मागची मिळतात का’ हे पासच्या माहितीपानावर वाचून खात्री करा. गेमागणिक नियम बदलतात, आणि शेवटच्या दिवशी सर्व्हर देखभालीसाठी बंद असू शकतो. म्हणून शेवटचा आठवडा म्हणतोय, शेवटचा तास नव्हे.

शिडी चढायला खरंच रोज यावं लागतं का, हेही मोजता येतं. पुन्हा गेनशिनचं उदाहरण घेतो, कारण त्याचे आकडे सरळ आहेत. पासचे ५० टप्पे, प्रत्येक टप्प्याला १,००० गुण. रोजच्या आणि आठवड्याच्या कामांतून एका आठवड्यात जास्तीत जास्त १०,००० गुण मिळतात, म्हणजे १० टप्पे. ५० टप्प्यांना पाच आठवडे. पास चालतो साधारण सहा आठवडे. म्हणजे पूर्ण एक आठवडा दांडी मारूनही शिडी पुरी होते. ही ‘दांडीची सोय’ जवळपास प्रत्येक पासात दडलेली असते, कारण कंपनीलाही लोकांनी शेवटपर्यंत पोचायलाच हवं असतं; न पोचलेला माणूस पुढच्या सीझनला पास घेत नाही. सूत्र तेच: एकूण टप्पे भागिले आठवड्याला मिळू शकणारे टप्पे. येणारं उत्तर सीझनच्या आठवड्यांतून वजा करा. उरेल तेवढी तुमची रजा.

उत्तर शून्य किंवा त्याच्या खाली आलं, तर तो पास टप्पे विकत घ्यायला लावण्यासाठीच आखलाय असं मी समजतो आणि सोडून देतो.

सीझनच्या मध्यावर गेममध्ये शिरला असाल तर याच सूत्रात उरलेले आठवडे घाला. दोनतृतीयांश सीझन उलटून गेला असेल तर त्या पासाचं नावच काढू नका. फुकटच्या बाजूचं मिळेल ते घ्या, गेम शिका, पुढच्या सीझनच्या पहिल्या दिवसाची वाट बघा.

सगळेच पास मरत नाहीत

हे नवख्यांना क्वचितच कुणी सांगतं. हेलडायव्हर्स २ मधले पास, म्हणजे वॉरबॉन्ड, संपत नाहीत. आज घ्या, पुढच्या वर्षी पुरे करा. हेलो इन्फिनिटचे पासही सीझन संपल्यावर बंद पडत नाहीत. हवा तो जुना पास निवडून पुढे चालू करता येतो. मार्व्हल रायव्हल्समध्ये एकदा विकत घेतलेला पास सीझननंतरही पुरा करता येतो, फक्त घ्यायचा मात्र वेळेत. डीप रॉक गॅलॅक्टिकने २०२४ पासून जुने सीझन पुन्हा निवडायची सोय दिली. आणि ज्या फोर्टनाइटने ‘आता नाही तर कधीच नाही’ हा मंत्र रुजवला, त्यानेच २०२४ च्या ऑगस्टमध्ये जाहीर केलं की पुढच्या पासांतल्या वस्तू १८ महिने उलटल्यावर दुकानात येऊ शकतात.

म्हणून गेम निवडताना हा प्रश्न आधी विचारा: यातलं निघून गेलेलं परत येतं का? ‘एक्सक्लुझिव्ह’ या शब्दाची आजची व्याख्या आणि दोन वर्षांनंतरची व्याख्या एक असेलच असं नाही. उलट बाजूही आहे. डेस्टिनी २ ने २०२० च्या नोव्हेंबरमध्ये आपली मूळ कथामोहीमच गेममधून काढून ठेवली, जी लोकांनी पैसे देऊन घेतली होती. तेव्हा बक्षिसाचा टायमर नसलेली गोष्टही जाऊ शकते. तुम्हाला कथेत रस असेल तर आधी कथा खेळा; स्किन, म्हणजे नुसता पेहराव, नंतर.

चौथी पायरी: काम वाचायचं कसं

यादीतली कामं वरून खाली करत जाणं ही सगळ्यांची पहिली चूक. आधी यादी पूर्ण वाचा आणि एकमेकांवर बसणारी कामं शोधा. समजा यादीत ‘३ सामने मित्रासोबत खेळा’, ‘शॉटगनने ५ जणांना बाद करा’ आणि ‘उत्तरेच्या गावात १० पेट्या उघडा’ अशी तीन कामं आहेत. ही तीन संध्याकाळची कामं नाहीत. मित्राला घेऊन उत्तरेच्या गावात शॉटगन घेऊन उतरलात की तिन्ही एकदमच पुढे सरकतात.

शब्द नीट बघा. ‘एकूण ५’ आणि ‘एका सामन्यात ५’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ‘खेळा’ आणि ‘जिंका’ यांतही. ‘बाद करा’ मध्ये साथीदाराला केलेली मदत धरतात की नाही, सराव मैदानातलं चालतं की नाही, हे कामावर बोट दाबून ठेवलं की बहुतेक वेळा दिसतं. काही गेममध्ये काम आधी ‘स्वीकारावं’ लागतं. न स्वीकारता मारलेले दहा लांडगे मोजले जात नाहीत, पुन्हा मारा.

कामं साठवता येतात का, हाही प्रश्न विचारायलाच हवा. हार्थस्टोनमध्ये रोज एक नवं डेली क्वेस्ट येतं, पण न केलेली तीनपर्यंत साठून राहतात. म्हणजे तिसऱ्या दिवशी एकदा बसून तिन्ही उरकली तरी नुकसान काहीच नाही. नावडतं काम दिवसातून एकदा बदलूनही मिळतं. ‘डेली’ हे नाव आहे म्हणून ते रोजचंच असतं असं नाही.

वीकली कामं जवळपास नेहमीच डेलीपेक्षा वेळेच्या मानाने जास्त देतात, आणि दिवस तुम्हाला निवडता येतो. नोकरी किंवा अभ्यास सांभाळून खेळणाऱ्यांनी डेली सरळ सोडून द्याव्यात आणि आठवड्यातल्या दोन बैठका वीकलीला द्याव्यात. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमधली ग्रेट व्हॉल्ट याच धाटणीची आहे: आठवडाभरात जे खेळाल त्यावरून रिसेटनंतर जास्तीत जास्त नऊ वस्तू समोर मांडल्या जातात आणि त्यातली एक निवडायची. नऊ पर्याय मिळवायला जेवढा वेळ लागतो त्याच्या लहानशा भागात दोनतीन पर्याय मिळतात. घ्यायची वस्तू शेवटी एकच आहे, हे लक्षात ठेवून थांबा.

आणि एक विनंती. ‘शॉटगनने ५’ हे काम घेऊन रँक्ड, म्हणजे क्रमवारी ठरवणाऱ्या, सामन्यात जाऊ नका. तुमच्या यादीपायी चार अनोळखी माणसांचा सामना बुडतो. त्यासाठी साधे मोड आहेत.

पाचवी पायरी: इव्हेंटचं चलन आणि त्याची मुदत

इव्हेंट आला की त्याचं स्वतःचं चलन येतं. घंटा, पाकळ्या, नाणी, काहीतरी. खेळा, चलन जमवा, इव्हेंटच्या दुकानात खर्च करा. इव्हेंट संपला की चलन मातीमोल.

दुकान उघडल्यावर खरेदीचा क्रम असा लावा. जे दुसरीकडे कुठेच मिळत नाही ते पहिलं. मग जे मिळतं पण दुर्मीळ आहे, म्हणजे व्यक्तिरेखा किंवा शस्त्र वाढवायला लागणारं सामान. मग उरलंसुरलं. दुकानाच्या तळाशी अमर्याद संख्येने मिळणारी एक वस्तू असते, बहुतेक वेळा गेममधला साधा पैसा. ती उरलेलं चलन ओतण्यासाठी ठेवलेली असते. तिथे पोचलात की तुमच्या दृष्टीने इव्हेंट संपला. तिच्यासाठी आणखी खेळण्यात अर्थ नाही.

मुदती मात्र तीन असू शकतात आणि त्या वेगळ्या असतात: कामं बंद होण्याची, दुकान बंद होण्याची आणि पेटीत आलेलं बक्षीस उचलण्याची. पुष्कळ गेममध्ये कामं आधी बंद होतात आणि दुकान काही दिवस उघडं राहतं. पण सगळीकडे असं नसतं. मी एकदा एका गेममध्ये तीन आठवडे खपून एक रंगीत चिलखत मिळवलं. शेवटचं काम पुरं झाल्याची खूण आली, मी समाधानाने गेम बंद केला आणि प्रवासाला निघून गेलो. चिलखत माझं झालं असं मी समजत होतो. ते ‘घ्या’ नावाच्या बटणामागे होतं. परत आलो तेव्हा इव्हेंटही नव्हता आणि बटणही. तक्रार केली, उत्तर आलं की नियमांत लिहिलेलं होतं. होतंही. तेव्हापासून काम पुरं झाल्याची खूण दिसली की मी ते बटण शोधल्याशिवाय खुर्चीवरून उठत नाही.

पेटीतली पत्रंही संपतात. महिन्यातून एकदा ‘सगळं घ्या’ दाबून मोकळे व्हा.

सहावी पायरी: चुकलेल्या दिवसाची किंमत काढा

ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. दिवस चुकला की जी हुरहूर लागते, तिला आकड्यात बसवा.

गेनशिनमधली रोजची चार कामं आणि त्यावरचा बोनस धरून ६० प्रिमोजेम (गेममधलं चलन) मिळतात. बॅनरवर, म्हणजे व्यक्तिरेखा-शस्त्रांच्या सोडतीत, एक विश (एकदा नशीब आजमावणं) करायला १६० लागतात. म्हणजे एक दिवस चुकला तर एका विशच्या निम्म्याहून कमी गमावलं. उलट बाजूने बघा: व्यक्तिरेखांच्या बॅनरवर पंचतारांकित व्यक्तिरेखेची हमी जास्तीत जास्त ९० विशनंतर आहे. ९० गुणिले १६०, म्हणजे १४,४००. नुसत्या रोजच्या कामांतून ते जमवायचं तर २४० दिवस. आणि त्या हमीतून तुम्हाला हवी तीच व्यक्तिरेखा येईल असंही नाही. या २४० मधला एक दिवस गेला तर काय गेलं? मोठी रक्कम इव्हेंट, कथा आणि नव्या प्रदेशांतून येते. त्या गोष्टी आठवडे-महिने तुमची वाट बघत थांबतात.

हाच हिशेब हजेरीच्या बक्षिसांना लावा. सलग सात दिवस आलात तर सातव्या दिवशी मोठं बक्षीस, अशी साखळी असते तिथे आधी बघा की दिवस चुकल्यावर साखळी पहिल्यापासून सुरू होते की तिथूनच पुढे. पुष्कळ ठिकाणी ‘एकूण सात दिवस’ पुरतात आणि मुदत दोन आठवड्यांची असते. तशी असेल तर ती साखळीच नाही.

ही हुरहूर का लागते यावर अभ्यास झालेले आहेत. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जोसेफ नुनेस आणि झेव्हियर ड्रेझ या संशोधकांनी एका कार धुण्याच्या केंद्रात कार्डं वाटली. काहींना आठ शिक्क्यांचं कोरं कार्ड, काहींना दहा शिक्क्यांचं पण दोन शिक्के आधीच मारलेलं. दोघांनाही आणखी आठच शिक्के हवे होते. कोरं कार्ड १९ टक्के लोकांनी पुरं केलं, दोन शिक्केवालं ३४ टक्के लोकांनी. आता आठवा, तुम्ही नवा पास उघडता तेव्हा पहिला टप्पा बऱ्याचदा आधीच उघडलेला असतो.

फार्मव्हिल हा २००९ चा गेम तर याहून सरळ होता: पेरलेली स्ट्रॉबेरी चार तासांत तयार व्हायची आणि वेळेवर काढली नाही तर शेतात सुकून जायची. आजचे गेम सुकवत नाहीत, ‘मिळालं असतं’ एवढंच दाखवतात. परिणाम तोच.

सरकारांच्याही हे लक्षात आलंय. चीनने २०२३ च्या डिसेंबरमध्ये काढलेल्या नियमांच्या मसुद्यात रोजच्या लॉगिनची बक्षिसं बंद करण्याची तरतूद होती. टेन्सेंट आणि नेटईझ या चिनी गेम कंपन्यांचे शेअर कोसळले, आणि पुढच्या महिन्यात मसुदा संकेतस्थळावरून काढला गेला. एका लॉगिन बक्षिसाचं वजन किती असतं ते त्यावरून समजा.

सातवी पायरी: पैशाला कुलूप

थोडक्यात सांगतो. खात्याला कार्ड जोडून ठेवू नका. दर वेळी आकडे टाकायला लागले की निम्म्या खरेद्या तिथेच मरतात. लहान मुलं तोच फोन किंवा कन्सोल वापरत असतील तर खरेदीला पासवर्ड लावाच. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२२ मध्ये फोर्टनाइट बनवणाऱ्या एपिक गेम्सशी केलेल्या तडजोडीत २४.५ कोटी डॉलर फक्त ग्राहकांना परत करण्यासाठी होते, आणि त्यातल्या तक्रारींत एका बटणावर चुकून झालेल्या खरेद्या होत्या.

गेममधल्या चलनाच्या गड्ड्या बघा. वस्तू ९०० ची आणि गड्डी ५०० किंवा १,००० ची, असं गणित जिथे तिथे दिसेल. उरलेले १०० पुढच्या खरेदीचं आमिष म्हणून ठेवलेले असतात. त्यांना तिथेच राहू द्या.

नशिबावर चालणारं काही घेत असाल तर शक्यतांचा तक्ता वाचा. चीनने २०१७ च्या मे महिन्यापासून तो प्रसिद्ध करणं सक्तीचं केलं, ॲपलने त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये आपल्या दुकानातल्या गेमना तोच नियम लावला. तक्ता बॅनरच्या एखाद्या कोपऱ्यात ‘तपशील’ या छोट्या बटणामागे असतो. पिटीचा आकडा (हमीच्या दिशेने झालेल्या विशची मोजणी) पुढच्या बॅनरवर जातो की शून्य होतो, हेही तिथेच लिहिलेलं असतं. गेनशिनमध्ये त्याच प्रकारच्या पुढच्या बॅनरवर तो जातो, म्हणून ‘शेवटचे ३ तास’ हे शब्द बघून उरलेले विश उधळण्याची गरज नाही. जिथे शून्य होतो तिथे हमीपर्यंत पोचण्याइतकं जमलेलं नसेल तर हातच लावू नये.

आठवी पायरी: सुट्टी घेणं आणि परत येणं

कधीतरी तुम्ही थांबाल. परीक्षा, प्रवास, नाहीतर नुसता कंटाळा. थांबण्याआधी पाच मिनिटं द्या: ‘घ्या’ ची सगळी बटणं दाबा, पेटी रिकामी करा, इव्हेंटचं चलन खर्च करा, आणि भरलेला स्टॅमिना एकदा वापरून टाका. सूचना बंद करा. ‘तुमची आठवण येतेय’ छापाचे संदेश येत राहिले तर ती सुट्टी नव्हे.

परत आल्यावर पहिल्या दिवशी काहीच खर्च करू नका. बऱ्याच गेममध्ये महिनाभर न आलेल्यांसाठी खास स्वागत असतं: जादा एक्सपी, फुकट सामान, कधी सोपी कामं. ते पहिल्याच लॉगिनला सुरू होतं आणि त्यालाही आठदहा दिवसांची मुदत असते. म्हणून परतण्याचा दिवस हाताशी वेळ असेल असा निवडा. दोन मिनिटं ‘नुसतं बघू’ म्हणून उघडलंत तर ते घड्याळ विनाकारण चालू होतं. लाल ठिपक्यांपैकी पेटीचा आधी, मग स्वागताचा, मग चालू सीझनचा. बाकीचे ठिपके आठवडाभर तसेच राहिले तरी काही बिघडत नाही.

आणि क्वचित एखादा गेम न येण्याचेही पैसे देतो. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट २००४ मध्ये येण्याआधीच्या चाचणीत फार वेळ खेळणाऱ्याचा एक्सपी निम्मा व्हायचा, आणि खेळाडू चिडले. मग बनवणाऱ्यांनी मांडणी उलटी केली: विश्रांती घेतलेल्याला दुप्पट, बाकीच्यांना नेहमीचा. त्याच नियमाने वॉरक्राफ्ट क्लासिकमध्ये शहरात किंवा सराईत लॉगआउट केलेल्या पात्राला दर ८ तासांना एका लेव्हलच्या ५ टक्के एवढी विश्रांती जमते, कमाल दीड लेव्हल, म्हणजे पूर्ण दहा दिवसांची. उघड्या रानात लॉगआउट केलंत तर तीच चौपट सावकाश जमते. तेव्हा सुट्टीवर निघताना पात्राला सराईपर्यंत चालवत न्या.